बालकांच्या बोलीतील ध्वनिरूपे आणि वऱ्हाडी बोली : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

लहान मुलाचे बोबडे बोलणे घरात कौतुकाचा विषय असते. तेच मूल शाळेच्या उंबरठ्यावर आले की तेच बोलणे काळजीचा, आणि कधी कधी चेष्टेचा विषय होते. काकाला 'ताता', गाडीला 'दादी', रामाला 'लाम' आणि भाताला 'बात' म्हणणारे मूल महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात आढळते. ही रूपे वरवर पाहता शब्दांची मोडतोड वाटतात. वस्तुतः त्यांत एक निश्चित व्यवस्था असते आणि ती व्यवस्था भाषाभ्यासकांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव पेठ या गावातील तीन वर्षांचे मूल शाळेला 'ताया' म्हणत असेल तर त्या एका शब्दात दोन बदल झालेले असतात. 'श' चा 'त' झालेला असतो आणि 'ळ' चा 'य' झालेला असतो. पहिला बदल बालपणाचा आहे. तो साधारणपणे पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप जातो. दुसरा बदल बालपणाचा नाही. तो त्या मुलाला आईकडून, आजीकडून मिळालेला बोलीचा वारसा आहे आणि तो जाण्याचे काही कारण नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र दोन्ही बदल सारखेच 'अशुद्ध' वाटतात. हे दोन बदल वेगळे ओळखता येतात काय, आणि त्या कामी भाषेचा इतिहास उपयोगी पडतो काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

बोबड्या बोलांतील नियम

भारतीय ध्वनिविचाराने वर्णांची मांडणी उच्चारस्थानांनुसार केली. कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ असा तो क्रम आहे. आतून बाहेर येणाऱ्या या क्रमामुळेच आपली वर्णमाला 'क' पासून सुरू होते आणि 'प' वर्ग सर्वांत शेवटी येतो. मुलाचा क्रम जवळजवळ उलटा असतो. त्याची सुरुवात ओठांपासून होते. 'म', 'ब', 'प' हे ध्वनी त्याला आधी साधतात, त्यानंतर दंत्य ध्वनी येतात आणि 'क', 'ग' बहुधा त्यांच्या मागून येतात. अंकलिपीचे पहिले पान ज्या अक्षराचे असते तेच अक्षर पुष्कळ मुलांना उशिरा साधते, ही गंमत शिक्षकांच्या क्वचितच लक्षात येते.

मुलांच्या उच्चारांत वारंवार दिसणारे बदल थोडक्यात असे सांगता येतील. मागचा ध्वनी पुढे आणला जातो, म्हणून 'काका' चा 'ताता' होतो. घर्षक ध्वनीच्या जागी स्पर्श ध्वनी येतो, म्हणून 'साप' चा 'ताप' होतो. महाप्राणातील 'ह' कार गळतो, म्हणून 'घोडा' चा 'गोडा' आणि 'भात' चा 'बात' होतो. मूर्धन्य ध्वनी दंत्य होतो, म्हणून 'टोपी' ची 'तोपी' होते. 'र' च्या जागी 'ल' किंवा 'य' येतो. जोडाक्षर सुटे होते अथवा दोन्ही ध्वनी एकसारखे केले जातात, म्हणून 'पुस्तक' चे 'पुत्तक' होते. कधी एका अक्षराचा ध्वनी शेजारच्या अक्षरावर पसरतो आणि 'चप्पल' ची 'पप्पल' होते. क्वचित ध्वनींची अदलाबदल होते. (अदलाबदलीला केवळ मुलांनाच दोष देण्याचे कारण नाही. 'नुकसान' चे 'नुसकान' प्रौढांनीच केले आहे आणि ते वऱ्हाडात सर्रास ऐकू येते.)

या बदलांमागे व्यवस्था आहे हे ठामपणे मांडणारा महत्त्वाचा ग्रंथ रोमान याकोबसन यांनी १९४१ मध्ये जर्मन भाषेत लिहिला. जगातील भाषांत जे ध्वनी सर्वत्र आढळतात ते मूल आधी शिकते आणि जे थोड्या भाषांत आढळतात ते उशिरा शिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधनाने त्यांच्या काटेकोर क्रमाला पुष्कळ अपवाद दाखविले, तरी स्थूल दिशा टिकून राहिली. १९६९ मध्ये डेव्हिड स्टँप यांनी वेगळी मांडणी केली. सुलभीकरणाच्या प्रक्रिया मुलाजवळ आधीपासूनच असतात आणि आपल्या भाषेला ज्या नको आहेत त्या एकेक करून दाबत जाणे म्हणजेच भाषेचे ध्वनी शिकणे होय, असे त्यांचे मत. वऱ्हाडी मुलाचा विचार करताना ही मांडणी विशेष उपयुक्त ठरते, कारण कोणती प्रक्रिया दाबायची आणि कोणती ठेवायची हे मूल प्रमाणभाषेवरून नव्हे, तर घरात ऐकू येणाऱ्या बोलीवरून ठरविते.

१९६० मध्ये जीन बर्को व रॉजर ब्राऊन यांनी नोंदविलेले एक उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एक इंग्रजी भाषक मूल 'फिश' या शब्दाचा उच्चार 'फिस' असा करीत होते. मोठ्या माणसाने त्याची नक्कल करून 'फिस' म्हटले की मूल ते नाकारी. 'फिश' म्हटले की लगेच होकार देई. म्हणजे मुलाच्या कानात शब्द बरोबर होता, जिभेवर तो चुकत होता. मुलाला 'नीट ऐकत जा' म्हणून दटावणाऱ्या पालकांना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

बोबडा कोण : एक जुना प्रश्न

दुसऱ्याची बोली बोबडी ठरविण्याची सवय अलीकडची नाही. शतपथ ब्राह्मणात असुरांच्या पराभवाची एक कथा आहे. 'अरि' या शब्दातील 'र' च्या जागी 'ल' उच्चारल्यामुळे ते पराभूत झाले, असे तिचे तात्पर्य. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण का शिकावे हे सांगताना या कथेचा आधार घेतला. आजच्या दृष्टीने पाहिले तर 'र' चा 'ल' हा बालकांच्या बोलीतील अत्यंत सर्वसामान्य बदल आहे आणि त्याच वेळी तो पूर्वेकडील प्राकृतांचे व्यवच्छेदक लक्षणही आहे. मागधीत 'र' चा 'ल' आणि 'स' चा 'श' होतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातील शकार हे हास्यास्पद पात्र मागधीचाच एक प्रकार बोलते. एका प्रदेशाची नियमबद्ध बोली दुसऱ्या प्रदेशाच्या प्रेक्षकांना हसविण्यासाठी रंगमंचावर आणली गेली, असा याचा अर्थ होतो. मराठी नाटक-चित्रपटांतून वऱ्हाडी बोलणारे पात्र कोणत्या भूमिकेत येते याचा विचार केल्यास ही परंपरा फारशी खंडित झालेली नाही, असे म्हणावे लागेल.

मराठी संतपरंपरेने बोबड्या बोलांकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत पहिल्या आणि नवव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी आपल्या बोलण्याची तुलना बालकाच्या बोबड्या वाणीशी केली आहे. आईबापांना त्या वाणीचा रागच येत नाही, उलट अधिक संतोष होतो, हा त्या दृष्टांताचा गाभा आहे. त्याच शतकात अमरावती जिल्ह्यातील आजच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र होते. म्हाइंभटाने लीळाचरित्राची रचना येथेच केली. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात ग्रंथ लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही स्मृतिस्थळातील हकीकत सुपरिचित आहे. ज्या भूमीत म्हातारीची भाषा ग्रंथाला योग्य ठरली त्याच भूमीत पुढे म्हातारीची भाषा शाळेला अयोग्य ठरली.

घरोघरी बोबडेपणावर उपायही होत आले. वेखंड मधात उगाळून जिभेला लावणे हा त्यांतील सर्वज्ञात उपाय होय. वेखंडाचे संस्कृत नावच 'वचा' आहे. (एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा आजच्या वैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे.) 'जीभ जड आहे' असे म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाईही काही ठिकाणी केली जाते. पडदा खरोखर आखूड असल्यास तो प्रश्न डॉक्टरांचा आहे. बहुतेक मुलांच्या बोबडेपणाशी त्याचा संबंध नसतो, कारण 'ट' चा 'त' करणाऱ्या मुलाची जीभ अडकलेली नसते. ती अद्याप सरावलेली नसते एवढेच.

नोंदवहीपासून 'मराठी बालबोली' पर्यंत

मुलांच्या बोलण्याची शास्त्रीय नोंद युरोपात नोंदवह्यांतून सुरू झाली. डीट्रिख टीडमान यांनी आपल्या मुलाच्या वाढीची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाविषयीची जुनी टिपणे १८७७ मध्ये प्रकाशित केली. विल्यम प्रायर यांचा ग्रंथ १८८२ मध्ये आणि क्लारा व विल्यम स्टर्न या दांपत्याचा बालभाषेवरील ग्रंथ १९०७ मध्ये आला. हे सर्व अभ्यासक आपल्याच घरातील, म्हणजे सुशिक्षित घरातील मुले पाहत होते. त्या घरांतील भाषा हीच प्रमाणभाषा असल्यामुळे बालकाचा बदल कोणता आणि बोलीचा कोणता, हा प्रश्न त्यांना फारसा पडला नाही.

महाराष्ट्रात बालकाचे निरीक्षण ही शिक्षणाची पहिली पायरी मानण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. विवाहानंतर त्यांचे काही काळ अमरावतीत वास्तव्य होते. पुढे त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. कोसबाडला गेल्यावर तर त्यांच्यासमोर वारली मुले होती. त्या मुलांची घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी होती, आणि ती बोलू द्यावी लागते हे अनुताई वाघ व ताराबाई यांच्या कामातून दिसून आले.

भाषाविज्ञानाच्या अंगाने मराठीतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९६४ हे वर्ष. अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांचा मराठी बालबोलीवरील इंग्रजी लेख त्या वर्षी 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहा भाषांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची व गिल्याक यांच्या जोडीला मराठी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी दीर्घकाळ संबंधित असलेल्या एका अभ्यासकामुळे मराठी घरांतील 'मंमं' आणि 'भूर' जागतिक चर्चेत गेले, याची जाणीव आपल्या मराठी विभागांना असायला हवी.

या दोन लेखांतील 'बालबोली' म्हणजे मुलाचे बोलणे नव्हे. मोठी माणसे मुलाशी बोलताना जी खास भाषा वापरतात ती बालबोली होय. मंमं, दुदू, भूर, जोजो, बाऊ, हम्मा, चिऊ, काऊ, माऊ, शी, शू हे शब्द मूल घडवीत नाही. ते त्याला दिले जातात. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांनीच ते जपले आहेत. त्यांत जोडाक्षरे क्वचित असतात, एकच अक्षर दोनदा येते आणि मुलाला लवकर साधणारे ध्वनीच अधिक असतात. ही पद्धत फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील एका सूक्तात बापासाठी 'तत' आणि आईसाठी 'नना' हे शब्द आले आहेत. 'तात', 'अंबा', 'बाबा', 'मामा', 'काका', 'दादा' ही सर्व त्याच टाकसाळीतील नाणी होत. 'काका' मध्ये मात्र मुलाला न जमणारा 'क' दोनदा आहे, त्यामुळे काकांच्या वाट्याला काही काळ 'ताता' येतो.

वऱ्हाडी 'य' चा इतिहास

आता 'ताया' तील दुसऱ्या बदलाकडे वळता येईल. वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी 'य' येतो. डोळा – डोया, शाळा – शाया, केळ – केय, सकाळ – सकाय, पोळा – पोया ही त्याची नित्याची उदाहरणे. 'ण' चा 'न' होतो (पाणी – पानी). शब्दारंभीचा 'व' काही स्वरांपूर्वी जातो किंवा त्याचा 'य' होतो (विहीर – इहीर, वेळ – येळ). 'माझा', 'तुझा' यांचे 'माहा', 'तुहा' होते. 'ळ' चा 'य' खानदेशात अहिराणीतही आहे. उत्तर कोकणातील आगरी बोलीत मात्र 'ळ' चा 'ल' होतो. म्हणजे 'ळ' उच्चारताना मुले जे दोन पर्याय वापरतात, तेच दोन पर्याय प्रौढांच्या बोलींनी दोन दिशांना वाटून घेतलेले दिसतात.

मूर्धन्य 'ळ' मराठीत आला कसा, हे येथे पाहणे आवश्यक आहे. झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात मराठी ध्वनींची परंपरा सविस्तर तपासली. स्थूल नियम असा की, दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत 'ळ' झाला आणि प्राकृतातील दुहेरी 'ल्ल' मराठीत 'ल' राहिला. म्हणून संस्कृत 'काल' चा 'काळ' झाला, 'फल' चे 'फळ' झाले, 'बाल' चे 'बाळ' झाले. उलट 'कल्य' चे प्राकृतात 'कल्ल' होऊन मराठीत 'काल' झाले, 'तैल' चे 'तेल्ल' होऊन 'तेल' झाले, 'बिल्व' चे 'बेल्ल' होऊन 'बेल' झाला. वऱ्हाडीने या जुन्या विभागणीशी प्रामाणिक राहून केवळ 'ळ' चा 'य' केला. 'ल' ला तिने हात लावला नाही. वऱ्हाडी माणूस 'केय' म्हणतो, पण 'तेल' ला 'तेय' कधी म्हणत नाही.

या बारकाव्यात प्रस्तुत प्रश्नाची किल्ली आहे. मुलाला 'ल', 'र', 'ळ' हे ध्वनी जड जातात तेव्हा ते सगळ्यांनाच 'य' कडे नेऊ शकते. अशा मुलाचे 'तेल' हे 'तेय' होईल, 'राजा' हा 'याजा' होईल आणि 'केळ' चे 'केय' होईल. पहिली दोन रूपे बालपणाची आहेत. तिसऱ्या रूपात मूल आणि बोली एकाच ठिकाणी पोहोचलेले असल्यामुळे केवळ त्या शब्दावरून काहीच ठरविता येत नाही. परंतु मूल 'तेल' आणि 'राजा' स्वच्छ म्हणते व 'केळ' ला तेवढे 'केय' म्हणते, असे आढळले तर तो बोबडेपणा नव्हे. त्या मुलाने प्राकृतकालापासून चालत आलेला 'ल' आणि 'ळ' यांचा भेद अचूक पाळला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने हा भेद कोणी न शिकविता पाळावा, ही भाषा शिकण्यातील प्रगतीच मानली पाहिजे.

मुलांच्या चुकांतूनच भाषा बदलते, असा एक मोहक सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मांडला गेला आहे. संस्कृत 'सप्त' चे प्राकृत 'सत्त', 'दुग्ध' चे 'दुद्ध', 'कर्म' चे 'कम्म' ही रूपे 'पुत्तक' म्हणणाऱ्या मुलाच्या शेजारी ठेवली की साम्य ठसठशीत दिसते. तरीही या साम्यावरून वऱ्हाडी 'य' हा कधीकाळच्या मुलांच्या बोबडेपणाचा अवशेष आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलाचा बदल काही महिन्यांत विरघळतो. बोलीचा बदल टिकतो, कारण तो प्रौढांच्या परस्पर व्यवहारात स्वीकारला जातो. मुखाची रचना सर्वांची सारखी असल्यामुळे दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला पोहोचू शकतात. त्यावरून त्या एकच वाट ठरत नाहीत.

शाळेची भाषा कोणती ठरली याचाही इतिहास आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. प्रमाण मराठीचा साचा पश्चिम महाराष्ट्रात तयार होत होता त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडले गेले. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने नोंदले गेले. पण नोंद होणे वेगळे आणि वर्गात स्थान मिळणे वेगळे. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि कोकणापासून गोंदियापर्यंत राज्याची पाठ्यपुस्तके एका ठिकाणी घडू लागली. एका लिखित भाषेची राज्याला गरज होती, याविषयी वाद नाही. मात्र 'बाळ', 'कमळ', 'फळ' हे शब्द पुण्याच्या मुलासाठी ओळखीच्या ध्वनीचे चिन्ह होते. वऱ्हाडी मुलासाठी तो ध्वनीच नवा होता. एका मुलाला अक्षर शिकायचे होते, दुसऱ्याला अक्षर आणि ध्वनी दोन्ही. 'कमळ' या एका शब्दाचे पुण्याच्या लहानग्याकडून 'तमल' होईल आणि नांदगाव पेठेच्या लहानग्याकडून 'तमय' होईल. पहिल्याने दोन ठिकाणी सुधारायचे आहे. दुसऱ्याने एकाच ठिकाणी सुधारायचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एक जास्तीचा उच्चार शिकायचा आहे. या दोन गोष्टींचा फरक शिक्षकाला माहीत नसला की मुलाच्या वाट्याला त्याच्या घराचीच चूक काढली जाण्याचा अनुभव येतो. घरी माय चुकते, आजी चुकते, सारे गाव चुकते, असा निष्कर्ष ते मूल मनाशी काढते आणि मग वर्गात बोलणेच कमी करते. क्वचित उलट दिशेची चूकही होऊ शकते. 'य' म्हटले की रागावतात एवढेच कळलेले मूल 'गाय' च्या जागी 'गाळ' लिहून बसेल. त्याच्या बोलीत दोन्ही शब्द एकसारखेच वाजतात.

नांदगाव पेठ आणि निदानाचा प्रश्न

नांदगाव पेठ आज केवळ शेतीचे गाव राहिलेले नाही. तेथे औद्योगिक वसाहत आहे, कापड उद्योग आहे, १३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आहे. अशा ठिकाणच्या अंगणवाडीत एकाच घरची बोली गृहीत धरता येत नाही. वऱ्हाडी घरातील मूल 'शाया' म्हणेल. हिंदी भाषक घरातील मूल 'शाला' म्हणेल, कारण त्याच्या भाषेत 'ळ' नाही. ज्या घरात प्रमाण मराठी बोलली जाते तेथील मूल 'शाळा' म्हणेल. तिन्ही मुले आपापल्या घरच्या भाषेत बरोबर आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटात कोरकू ही तर वेगळ्या भाषाकुळातील भाषा आहे. तेथील मुलाला मराठीच्या मापाने मोजणे अधिकच अन्यायाचे ठरेल.

बोली म्हणून सोडून देण्यातही धोका आहे, आणि तो लहान नाही. 'खेड्यातलं पोरगं आहे, असंच बोलतं', 'बोलेल हळूहळू' या दोन वाक्यांमुळे ऐकू कमी येणाऱ्या मुलांची महत्त्वाची वर्षे वाया जातात. श्रवणदोष असलेल्या मुलाला 'स', 'श' सारखे उंच पट्टीचे ध्वनी कानीच पडत नाहीत, त्यामुळे ते त्याच्या बोलण्यातही येत नाहीत. टाळू फाटलेल्या मुलाचे 'प', 'ब' नाकातून येतात. कानात वारंवार पाणी होणाऱ्या मुलाचे ऐकणे अधूनमधून मंदावते. ही कारणे कोणत्याही बोलीत बसत नाहीत. सत्तावीस भाषांतील अभ्यासांचा आढावा घेणारा एक लेख २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांपर्यंत मुलांना आपल्या भाषेतील बहुतेक व्यंजने साधतात, असे त्यात आढळले. म्हणून पाच वर्षांच्या मुलाने 'काका' ला 'ताता' म्हणणे, किंवा तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घराबाहेरच्या माणसाला मुळीच न कळणे, हे तपासणीचे कारण आहे. त्याच पाच वर्षांच्या मुलाने 'डोया' म्हणणे हे तपासणीचे कारण नाही.

वाचा व श्रवण या क्षेत्रातील संस्थात्मक काम भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी केली जाते आणि तीत श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब यांचा समावेश आहे. तपासणी करणाऱ्या व्यक्तीने केळ्याचे चित्र दाखविले आणि मुलाने 'केय' म्हटले, तर ती व्यक्ती कोठून आलेली आहे यावर मुलाच्या नावापुढची खूण अवलंबून राहू नये. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. केळ्याबरोबर तेलाचेही चित्र ठेवावे. 'ळ' असलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर 'ल' व 'र' असलेला शब्द विचारावा आणि तोच शब्द मुलाला घेऊन आलेल्या आईच्या किंवा आजीच्या तोंडूनही ऐकावा. अध्यापक विद्यालयांच्या आणि मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात ही एवढी गोष्ट शिकविण्यास एक तासिका पुरेशी आहे.

आजीला विचारणे ही केवळ सोय नाही. मोठी माणसे लाडाने मुलाची नक्कल करतात तेव्हा त्यांना मुलाच्या बोलण्यात नेमके काय बोबडे वाटते हे उघड होते. वऱ्हाडी आजी नातवाला चिडविताना 'तायेत जातं का रे?' असे म्हणेल, कारण 'श' चा 'त' तिच्या कानाला खटकलेला असतो आणि गोडही वाटलेला असतो. तीच आजी 'ताळेत' असे म्हणणार नाही. त्या शब्दातील 'य' मुळात तिचाच आहे.